पाव सेकंद

नववा फोटो मोठा करता करता चैत्रालीचं बोट थांबलं. फोटो तिचाच होता. जबलपूरच्या बड़ा फुहारा चौकातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरला टेकून ती उभी, खांद्यावर शाळेचं दप्तर, तोंडावर ‘काढा न लवकर’ असा भाव. काढला होता बाबांनी. चेहरा हलला होता, ते तिने आधीच वहीत लिहून टाकलं होतं. आता ती फक्त किती हलला ते बघत होती, आणि बघता बघता फोटो इतका ओढला गेला की लॅपटॉपच्या पडद्यावर एक कान, केसांची एक बट आणि कानातला खडा एवढंच उरलं. दुकानातला दिवा त्या खड्यात पडला होता. तिथे पांढरा ठिपका असायला हवा होता. त्या जागी एक बारीक लाट होती. वर, खाली, पुन्हा वर, आणि शेवटी जराशी डावीकडे वळलेली. पेन चालतं की नाही ते बघायला माणूस कागदाच्या कोपऱ्यात काढतो तशी. तिने दहावा फोटो उघडला. तोच कान, तोच खडा, तीच लाट. अकराव्यात तीच. बाराव्यात तिने मान वळवली होती म्हणून कान दिसत नव्हता, पण मागच्या कपाटाच्या कुलपावर उजेडाचा एक कण होता, आणि त्या कणाचीही तीच वर, तीच खाली, तेच डावीकडचं वळण झालं होतं. मदन महल स्टेशनावरची कुठल्याशा गाडीची घोषणा वाऱ्यावर आली नि अर्धी राहिली. स्वयंपाकघरात आई काहीतरी किसत होती. सहा वाजत होते.

खरं तर आजचा दिवस तिचा होता. दहावीचा निकाल लागला तेव्हाच कॅमेरा कबूल झाला होता, आणि तेव्हापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. जगातल्या सगळ्या छोट्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांतून गाळत गाळत ती दोनांवर आली होती, एक चंदेरी आणि एक काळा. कंपन्यांची नावं नि आकडे तिला तोंडपाठ होते, पण घरात सगळे त्यांना चंदेरी आणि काळा असंच म्हणायला लागले होते, जणू दोन स्थळं सांगून आली होती. चंदेरी देखणा. हलका, दप्तरात दोन पुस्तकांच्या फटीत मावेल एवढा, आणि त्याच्यात सावळी माणसं सावळीच दिसायची, राखाडी पडायची नाहीत. काळा जाडजूड, मुठीत चांगला बसणारा, दिसायला मात्र सरकारी कचेरीतल्या यंत्रासारखा. पण त्याच्या पोटात एक सोय होती. धरणाऱ्याचा हात हलला की आतला सेन्सर, ज्याच्यावर चित्र उमटतं तो पातळ तुकडा, उलट्या दिशेने तेवढाच सरकायचा, आणि चित्र जागच्या जागी राहायचं. चंदेरीत ती सोय नव्हती. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीच्या मागच्या पानावर तिने दोन रकाने पाडून चौदा मुद्दे लिहिले होते. तेरा होऊन गेले होते. चंदेरीला सात, काळ्याला सहा. चौदाव्या मुद्द्यापुढे एकच शब्द होता, ‘हात’. अवंतिका, तिची वर्गातली मैत्रीण, म्हणाली होती, “अगं, मनात चंदेरी बसलाय न तुझ्या, मग हे नाटक कशाला?” त्यावर चैत्राली जवळजवळ भाषणच करून गेली होती, की मनात बसणं वेगळं नि सिद्ध होणं वेगळं. या वर्षी ती अशीच झाली होती. नववीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी मुलगी, आता शिक्षकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर करत होती. घरातली सगळी माणसं, स्टेशनजवळचा फळवाला, शाळेतला शिपाई, सगळे जणू तिचंच बोलणं ऐकायला थांबले आहेत अशा थाटात ती चालायची. तिला स्वतःचा आवाज आवडायला लागला होता.

दुपारी शाळा सुटल्यावर ती बाबांना घेऊन दुकानात गेली. बाबा म्हणजे श्रीपाद सर. अर्ध्या जबलपूरने लहानपणी त्यांच्याकडून चित्रकला शिकलेली, दुकानाचे मालकही त्यातलेच. “आओ सर, आओ बिटिया,” म्हणत त्यांनी दोन्ही कॅमेरे काउंटरवर मांडले. “अपना कार्ड डालो, जितना मन करे खींचो, घर जाके कम्प्यूटर पे देखो, तब बोलना. जल्दी किस बात की?” चैत्रालीने दोन्हींत आपली कार्डं घातली नि दोन्हींचं शटर पाव सेकंदावर लावलं. पाव सेकंद म्हणजे हातात धरून काढायला फार मोठा वेळ; तेवढ्यात हात जे काही करेल ते सगळं चित्रात उतरणार. चौदावा मुद्दा तपासायला याहून सोपी रीत नव्हती. आधी तिने बाबांचे फोटो काढले, एकदा या कॅमेऱ्याने, एकदा त्या. मग म्हणाली, “आता तुम्ही माझे काढा.”

“मी काहून? तू काढलेस न.”

“एकाच माणसाच्या हातानं प्रयोग होत नसतो, बाबा. दुसरा हात लागतो.”

बाबांनी चंदेरीकडे बघितलं. आता आठवताना तिला ते बघणं दिसलं. तेव्हा दिसलं नव्हतं. विहिरीत वाकून बघावं तसं ते बघणं होतं. मग त्यांनी दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवून कॅमेरा डोळ्याला लावला, आणि ती ओरडली, “कोपर नाही टेकायचं! चीटिंग!” त्यांनी कोपरं उचलली. सहा फोटो झाल्यावर तिने मागच्या पडद्यावर पाहिलं नि इतक्या मोठ्यांदा हसली की शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. “काय बाबा! फोटो काढून राहिले का झाडू मारून राहिले?” मालकही हसले. “सर को ब्रश ही पकड़ने दो बिटिया, ये अपने बस की चीज़ें नहीं.” बाबाही हसले होते. हसून त्यांनी आणखी सहा काढले, मग काळ्याने बारा, न कुरकुरता, आणि कॅमेरा परत देऊन उजवा हात पँटच्या खिशात घातला. तो हात घरी येईपर्यंत खिशातच होता. रिक्षात डाव्या हाताने पैसे दिले त्यांनी. हे सगळं तिच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणजे कुठेतरी साठून राहिलं होतं, आणि आता कानातल्या एका खड्याने ते एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली होती.

तिने शहाण्यासारखं करायचं ठरवलं. चंदेरीत खोट असेल. मग तिने स्वतः चंदेरीने काढलेले बाबांचे फोटो उघडले. तेही हलले होते, पाव सेकंद कोणालाच झेपत नाही. पण त्यांत बाबांच्या चष्म्यावरचा उजेड नुसता घसरला होता, कधी खाली, कधी तिरका, पाट्यावरून थेंब ओघळावा तसा, आणि प्रत्येक फोटोत वेगळा. बाबांनी काढलेल्या बाराही फोटोंत लाट होती, आणि बाराहींत एकच. तिने काळ्याचे बारा उघडले. ते स्वच्छ होते. कान, बट, खड्यातला ठिपका, मागच्या कपाटाचं कुलूप, सगळं जागच्या जागी. काळ्याने ती लाट पकडली होती आणि उलट हलून हलून पुसून टाकली होती. बारा वेळा. घरात काहीतरी घडलेलं असावं, नि बाहेरच्या खोलीत पाहुण्यांपुढे सगळं आवरून ठेवलेलं असावं, तसे ते फोटो होते. त्यांच्यात ती होती. काढणारा कोणी नव्हता.

मग चहा आठवला. हल्ली बाबा “अर्धाच दे” म्हणायचे. आईने विचारलंही नव्हतं कशाला. ती अर्धा कप देऊन तिथून निघून जायची. अर्धा कप हिंदकळला तरी बशीत येत नाही. अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर आईची सही होती, कारण “तिची सही जास्त छान दिसते”. शाळेत बाबा फळ्यावर एका दमात हात फिरवून पूर्ण गोल काढायचे, आणि नवी बॅच दर वर्षी टाळ्या वाजवायची. या वर्षी त्यांनी प्रोजेक्टर मागून घेतला होता, आणि बाबा मॉडर्न झाले म्हणून चैत्रालीने टाळ्या वाजवल्या होत्या. जूनमध्ये दोघं दोन दिवस नागपूरला जाऊन आले, शांताराम काकांकडच्या लग्नाला. येताना संत्र्याची बर्फी आणली, पण लग्नाचा एकही फोटो नाही, आणि आईने नवऱ्यामुलीच्या साडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आईने! चैत्रालीला वाटलं, आपण एवढ्या मोठ्या आवाजात बोलत होतो या वर्षी, की घरातलं बारीक बोलणं आपल्याला ऐकूच आलं नाही.

आणि सगळ्यांत शेवटी, कारण ते तिने मुद्दाम मागे ढकलून ठेवलं होतं, कुंचला आठवला. त्यांच्याकडे गणपती विकत येत नाही. भोसल्यांच्या चाकरीत कोणी पूर्वज नर्मदेकाठी आला, तेव्हा इथे मूर्ती मिळत नसत म्हणून त्याने ग्वारीघाटच्या मातीचा गणपती स्वतः केला, आणि तेव्हापासून घरचाच करायचा अशी रीत पडली. माती कोणीही मळावी, सोंड कोणीही वळावी. पण डोळ्यांची आखणी, म्हणजे पापणीची नि बुबुळाची ती काळी रेघ, घरातल्या एकाच हाताने काढायची, हरतालिकेच्या दिवशी, अंघोळ करून, कोणाशी न बोलता. आणि काढलेली रेघ पुसायची नाही. एका वर्षी आजोबांच्या हातून डावा डोळा मोठा झाला तर त्या वर्षीचा गणपती दहा दिवस चकित होऊन आरती ऐकत बसला होता; कोणी दुरुस्त केला नाही. आजोबांनी तो कुंचला वयाच्या ऐंशीच्या घरात आल्यावर बाबांना दिला होता. बाबा तर आत्ताही पन्नाशीचे नव्हते. मागच्या पंधरवड्यात मागच्या पडवीत मूर्ती वळताना ते म्हणाले, “या वर्षी मुकुटाला नक्षी नको, साधाच बरा.” आणि मग, वर न बघता, “डोळे या वर्षी तू काढ.” ती उडालीच होती. तिला वाटलं होतं, हे तर व्हायचंच होतं. दुसऱ्या दिवशी शाळेला कळलं, तिसऱ्या दिवशी महाराष्ट्र मंडळाला. मंडळातल्या सरोजिनी आजी म्हणाल्या, “अगं बाई, आखणी म्हणजे काय रांगोळी आहे का? श्रीपाद आहे न अजून.” तेव्हा सगळ्यांच्या देखत, हातात साबुदाणा वड्याची प्लेट घेऊन, चैत्राली म्हणाली होती, “आजी, बाबांपेक्षा माझी रेघ सरळ आहे. विचारा त्यांनाच.” लोक हसले. बाबांनी वडा खाली ठेवला आणि म्हणाले, “आहे. खरंच आहे.”

त्यांनी वडा खाली ठेवला होता. तोही तिला आत्ता दिसला, प्लेटच्या कडेवर, एक घास खाल्लेला. तिची कानशिलं गरम झाली. लाज अशी एका जागी नव्हती. ती पायांतून वर येत होती, जसा थंडीत न्हाणीघराच्या फरशीचा गारठा येतो. आपल्याला मान मिळाला असं ती समजून चालली होती. मिळाली होती ती एक झाकायची गोष्ट, आणि ती तिने गावभर वाजवली होती.

“काय ठरलं गं?” आई पदराला हात पुसत आली. चैत्रालीने लॅपटॉप अर्धा मिटला.

“काहून बंद केलं? मी काय बघू नये का?”

“आई, नागपूरला लग्न कोणाचं होतं?”

आई थांबली. हात पुसून झाले होते तरी पुसत राहिली. बाहेर कोणाच्या तरी स्कूटरने दोनदा हॉर्न दिला. “दूध ठेवलंय मी,” ती म्हणाली आणि आत गेली. दूध ठेवलेलं नव्हतं. गॅसचा आवाज त्यानंतर आला.

बाबा फिरायला गेले होते, मदन महलच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत, रोजच्यासारखे. यायला दहा मिनिटं होती. चैत्रालीने लॅपटॉप उघडला आणि चंदेरीचे ते बारा फोटो निवडले. निळ्या चौकटीत बाराही जण तिच्याकडे बघत होते, बारा पुसट मुली. पुसायचे का, असं यंत्राने विचारलं. हे सोपं होतं. पुसायचे, बाबा आले की म्हणायचं, कार्ड खराब निघालं, मग काळा घ्यायचा, कारण काळा हातात घेऊन बाबांनाही फोटो काढता येतील, आणि कोणाला काही कळणार नाही, बाबांनाही नाही, की तिला कळलंय. तिघंही आपापलं झाकून एकमेकांना अर्धा चहा देत राहतील. बोट बटणावर होतं. पण ती लाट तिच्या डोळ्यांपुढून जाईना. इतकी बारीक होती ती, इतकी नेटकी. ती बाबांच्या हातची होती. त्यांच्या हातची एकही रेघ या घरात कधी कोणी पुसली नव्हती. तिच्या पहिलीच्या पाटीवर त्यांनी काढलेलं बदक अजून फडताळात होतं. दार वाजलं. पायातली चप्पल काढल्याचा आवाज आला, आधी डावी, मग उजवी. तिने बोट काढून घेतलं.

“काय मग, चंदेरी की काळा?” बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले. घामाचा आणि बाहेरच्या गवताचा वास आला. उजवा हात खिशात.

“बघून राहिले अजून.”

“दाखव न. मला पण पाहू दे माझे प्रताप.”

तिने काळ्याचे दाखवले. बाबा म्हणाले, “अरे, बरे आले की.” त्यांच्या आवाजात असा काही सुटल्यासारखा आनंद होता, की तिला तिथेच थांबावंसं वाटलं. मग ते म्हणाले, “आणि दुसऱ्याचे?”

तिने चंदेरीचा नववा फोटो उघडला. तो पडद्यावर मोठा करून ठेवलेला तसाच उघडला, एक कान, एक बट, आणि ती लाट.

बाबांनी खुर्ची ओढली. चष्मा डाव्या हाताने सारखा केला. “पुढचा,” ते म्हणाले. तिने दहावा दाखवला. “पुढचा.” अकरावा. मुलांच्या वह्या बघताना ते मान जशी किंचित कलती करायचे तशी त्यांनी कलती केली, आणि बराच वेळ त्या पांढऱ्या लाटेकडे बघत राहिले.

“रेघ एकसारखी आहे,” ते म्हणाले.

बाबांनी खिशातून हात काढला आणि टेबलावर ठेवला. तो तिथे शांत पडून राहिला, साधा, ओळखीचा, अंगठ्याच्या नखाखाली मातीची कड असलेला. “ठेवला की गप असतो,” बाबा म्हणाले. “काही धरलं की सुरू होतो. बघ.” त्यांनी तिचं पेन उचललं. पेनचं टोक हवेत वर, खाली, वर असं लिहायला लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. आधी वाटलं, थंडी आहे.”

“नागपूरला लग्न नव्हतं.”

“नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे. जिवाला काही नाही. गोळ्या आहेत. पण वाढेल, हळूहळू वाढतच जाईल.” ते हे शाळेची सूचना वाचून दाखवावी तसं म्हणाले.

“मी तुम्हाला झाडू म्हटलं. त्या दुकानातल्या भैयासमोर.”

“झाडूच होता तो. फोटो वाईटच आले न.”

“आणि कोपर टेकू नाही दिलं. आणि आजींसमोर...” मग जे तिला सगळ्यांत जास्त टोचत होतं ते आपोआप बाहेर आलं, आणि बाहेर आल्यावर किती क्षुद्र दिसलं. “म्हणजे कुंचला मला मी चांगली काढते म्हणून नाही दिला.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “हात नीट असता तर अजून वीस वर्षं दिला नसता तुला,” ते म्हणाले. “खोटं काहून बोलू? आवडते ते काम मला.” आणि मग जरा थांबून, “पण पडवीत ठेवून कोणी येते का बघत बसलो नाही मी. तुलाच दिला. तुझ्या आईने पण मागितला होता, तिला नाही दिला.”

“मी कधी मागितला हो?” आतून आवाज आला, म्हणजे ती दाराआड होती. तिघंही हसले. आईने तीन चहा आणून ठेवले. एक कप अर्धा होता. बाबांनी तो डावा हात खाली लावून, दोन्ही हातांनी, सगळ्यांसमोर उचलला.

“मी चंदेरीच घेते,” चैत्राली म्हणाली.

“काहून?”

“काळ्याच्या फोटोंत तुम्ही नाहीत.”

बाबांनी प्रयोगवही ओढून घेतली. मागचं पान, दोन रकाने. “चौदावा मुद्दा काय लिहिलाय? हात. मग तपासला न? कोण पास झालं?”

“काळा.”

“मग काळ्याला मार्क दे. बरोबरी झाली तर मुठीत जो नीट बसतो तो घे. तुला पुढे लग्नांत, देवळांत, अंधारात काढायचे असतील, जंगलात जाशील. तुझा पण हात कधी हलेल. माझ्यावर दया करायला कॅमेरा नको घेऊ बेटा. ती दया मला परत द्यायला नाही येणार.”

काळा आला. खोक्यातून काढल्यावर अवंतिका म्हणाली, “दिसायला तर वजनकाटा आहे,” पण चैत्राली त्या दिवशी भाषण वगैरे करू शकली नाही. शाळेत तिने एक-दोनदा हात वर केला नाही. नंतर करायला लागली, पण आता हात वर असताना तिला तो दिसायचा, हवेत धरलेला, स्वतःचा. मंडळात सरोजिनी आजींनी पुन्हा विचारलं, “काय गं, सरळ रेघवाली, झाली का तयारी?” तेव्हा ती म्हणाली, “भीती वाटून राहिली, आजी.” आजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि हातावर खडीसाखर ठेवली.

हरतालिकेच्या दिवशी पडवीत दोन समया लावल्या होत्या. पाऊस नव्हता, ढग होते, म्हणून चारच्या सुमारासच संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती. पाटावर गणपती बसला होता, साधा मुकुट, गोल पोट, आणि डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत पांढऱ्या जागा. बाबांनी वाटीत काळा रंग कालवला. वाटी वाजली, थांबली, वाजली. कोणी बोललं नाही, बोलायचं नसतंच. चैत्रालीने कुंचला घेतला. चार केसांचा तो कुंचला, त्याची दांडी आजोबांच्या नि बाबांच्या बोटांनी एका जागी झिजून बारीक झालेली. तिचं बोट त्या खळग्यात नेमकं बसलं नाही, जरा पुढे राहिलं. सरावाला तिने कागदावर शंभर डोळे काढले होते आणि ते सगळे चांगले आले होते. इथे मात्र टोक मातीपासून केसभर दूर असताना तिला दिसलं की ते हलतंय. फार नाही. श्वासाइतकं. प्रत्येकाचा हात हलतोच, हे तिला वाचून माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं. पण ते तिच्या हाताबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं. तिने कोपर गुडघ्यावर टेकवलं. मागे बाबांच्या श्वासाचा आवाज थांबला. आणि तिने उजव्या डोळ्याची वरची रेघ ओढली, आतून बाहेर, एका दमात, आणि ती झाली. पुसता येणार नाही अशी झाली. मग खालची. मग बुबुळ. मग डावा. किती वेळ लागला ते तिला कळलं नाही. कुंचला वाटीत ठेवला तेव्हा समोर कोणीतरी बसलेलं होतं आणि तिच्याकडे बघत होतं.

आईने हात जोडले. बाबा खाली बसले, मूर्तीच्या अगदी समोर, मान कलती करून. ते काय म्हणतील याची चैत्रालीला आता घाई नव्हती. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आण तो कॅमेरा. पहिला फोटो मी काढतो.”

तिने आणला. उजेड एवढाच होता, समयांचा, म्हणून तिने शटर पाव सेकंदावर लावलं आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यापर्यंत नेला, मग खाली घेतला.

“ते आतलं बंद होतं का?”

“काय?”

“हात लपवते ते.”

“होतं.”

“बंद कर.”

तिने मेन्यू उघडला. एक, दोन, तीन खाली, आणि ती सोय बंद केली. बाबांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. “कोपर टेकू का?” त्यांनी विचारलं.

“चीटिंग,” चैत्राली म्हणाली.

त्यांनी कोपरं उचलूनच धरली. शटर उघडलं, आणि त्या पाव सेकंदात पडवीतलं कोणी हललं नाही, एक हात सोडून. मग तिघांची डोकी मागच्या लहान पडद्यावर जमली. दोन्ही समयांच्या ज्योतींच्या दोन लाटा झाल्या होत्या, वर, खाली, वर, आणि शेवटी जरा डावीकडे. चैत्रालीने मूर्तीचा चेहरा मोठा केला. तिने काढलेल्या दोन डोळ्यांवर तीच लाट गेली होती. तिच्या रेघेच्या काठाकाठाने आणखी एक रेघ चालली होती, थरथरत, एकसारखी, आणि दोन्ही मिळून गणपती बघत होता.

“डावा जरा मोठा झालाय,” बाबा म्हणाले.

“मूर्तीत की फोटोत?”

बाबांनी मान कलती केली. समयांच्या उजेडात ते बराच वेळ बघत राहिले.

“आता ते सांगता यायचं नाही,” ते म्हणाले.